नदीपलीकडचं अकरा नंबर

जडाव नदीपलीकडे राहायला जाणार नाही, हे साऱ्या पोळीला, म्हणजे एका दरवाजाआतल्या त्या अख्ख्या गल्लीला, दोन वर्षांपासून ठाऊक होतं. तिनंच ते सगळ्यांना सांगितलं होतं. देवळाच्या पायरीवर, पाखरांसाठी खांबावर बांधलेल्या चबुतऱ्याखाली दाणे टाकताना, आणि भिंतीपलीकडच्या संतोकला तर रोजच.

"भिंतीला भिंत नाही, दाराला दार नाही. आजूबाजूला पंधरा-पंधरा फूट मोकळी जागा. माणूस मेलं तरी शेजारच्याला वास आल्यावर कळायचं," ती म्हणायची.

तिचे यजमान इच्छाशंकर जानी हायस्कुलात चित्रकला शिकवीत. शांत माणूस, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली. नदीवरच्या एलिस पुलापलीकडे अर्ध्या मैलावर बाजरीची शेतं होती. ती घेऊन बावीस घरांची सोसायटी काढायची, हे वेड मुळात त्यांचं. ओच्छवलाल वकिलांना त्यांनी अध्यक्ष केलं, पोस्टातल्या नंदशंकरांना चिटणीस, आणि स्वतः दोरी घेऊन उन्हातान्हात जमीन मोजत हिंडले. सोसायटीचं नाव शारदाकुंज. बावीसही घरं एकाच नकाशाची: पुढे ओटी, मध्ये दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, चहूबाजूंनी हवा. नियमांची पुस्तिका छापायची वेळ आली तेव्हा वकिलांनी इंग्रजीत कलमं लिहिली आणि ती सोप्या गुजरातीत उतरवायचं काम मास्तरांनी केलं. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. मास्तरांना अकरा नंबर लागला, अगदी कोपऱ्यावरचा.

"कोपरा लागला," मास्तर घरी येऊन म्हणाले. "दोन बाजूंनी रस्ता. हवा बघ किती येईल."

"हवा खाऊन पोट भरतं का?"

"तू एकदा बघून तरी ये."

"मला काय बघायचंय? बाजरीच बघायची तर बाजारात बघीन."

हे असं दोन वर्षं चाललं. भांडण म्हणावं असं ते नव्हतं. ते म्हणायचे, ही नाही म्हणायची, मग दोघं जेवायला बसायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं घरात बोलायला हाच एक विषय होता असं म्हटलं तरी चालेल. संतोक भिंतीवर पळीनं ठोकून विचारायची, "आज काय निकाल?" आणि इकडून जडाव ओरडायची, "कोर्ट उद्यावर!"

तिसऱ्या वर्षी आषाढात मास्तर तापानं आजारी पडले. एकवीस दिवस ताप उतरला नाही. बावीसाव्या दिवशी ते गेले. तेव्हा अकरा नंबरच्या भिंती जेमतेम खिडक्यांपर्यंत आल्या होत्या आणि पावसामुळं काम थांबलं होतं.

जडाव रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात बसली. त्यांच्या ज्ञातीत विधवेनं वर्षभर कोपरा धरायचा असे. माजघराच्या एका कोपऱ्यात काळं लुगडं नेसून बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषाशी बोलायचं नाही. बायका येऊन रडून गेल्या. नडियादहून दीर आले, तेरावं करून गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, वर्ष संपलं की आमच्याकडे या." जडावनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनी विचारलं नाही.

भादव्यात, श्राद्धाचे दिवस चालू असताना, ओच्छवलाल वकील आले. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. जडाव आत कोपऱ्यात. मध्ये उंबऱ्यात निरोप द्यायला संतोक उभी राहिली. आतला शब्द बाहेर आणि बाहेरचा आत दोघांनाही सरळ ऐकू येत होता, पण रीत म्हणजे रीत.

"भाभींना सांगा," वकील म्हणाले, "मास्तर गेले, माझा उजवा हात गेला."

"म्हणतात, उजवा हात गेला," संतोक आत तोंड करून म्हणाली.

"ऐकलं," जडाव म्हणाली.

"सोसायटीनं ठरवलंय, भाभींवर कसलं ओझं टाकायचं नाही. त्या रानात एकट्या बाईनं कसं राहायचं? मास्तरांनी भरलेलं सगळं सोसायटी परत करेल. या कागदावर एक सही हवी."

संतोकनं कागद घेऊन आत सरकवला. जडावनं तो हातात धरला, उघडला नाही.

"विचार त्यांना, बाकीच्यांची घरं तरी कुठं पुरी झालीत?"

हे वकिलांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत ज्याचं घर राहतं झालं नाही, त्याचा हक्क जातो, असा नियम आहे. बाकीच्यांनी श्रावणात मुदत वाढवायचे अर्ज दिले. अकरा नंबरचा अर्ज द्यायला... म्हणजे, मास्तर नव्हते ना. आता अर्जाची तारीख गेली." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "आणि भाभी, खरं सांगू? तुम्हाला जायचं नव्हतंच. साऱ्या पोळीला माहीत आहे. उलट तुमच्या मनासारखंच होतंय."

संतोक आत वळली, पण हे वाक्य तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

आत कागद मांडीखाली गेला. मग जडाव म्हणाली, "वाचून सांगते म्हणावं."

वकील गेले. संतोक आत येऊन बसली आणि पदरानं वारा घेऊ लागली. "कर ना सही, काय वाचायचंय त्यात? पीडा गेली. तू इथंच राहशील, माझ्या भिंतीला."

"मास्तरांच्या पेटीत पिवळी पुस्तिका आहे. काढून दे."

"कसली?"

"नियमांची."

जडावला वाचता येत होतं. लग्नानंतर मास्तरांनीच शिकवलं होतं, आणि ते शिकवताना तिनं जेवढे बोल ऐकले होते तेवढे शाळेतल्या सगळ्या पोरांनी मिळूनही ऐकले नसतील. पुस्तिका तिनं दोन दिवस घेऊन वाचली. एकोणचाळीस नियम होते. झाडं किती अंतरावर लावायची, गाय कुठं बांधायची, धुणं कुठं वाळत घालायचं. सतराव्या नियमात लिहिलं होतं: 'ज्या घरात सभासदाची किंवा त्याच्या वारसाची रोजची चूल पेटते, ते घर राहतं समजावं.' वारसांची यादी शेवटी होती. अकरा नंबरपुढे तिचं नाव होतं.

श्राद्धपक्ष संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, जडावनं कोपरा सोडला.

तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि उंबरा ओलांडला. संतोक भाकरी भाजत होती. तिनं दारातून पाहिलं आणि उलथनं हातात घेऊनच बाहेर धावली.

"अगं, कुठं निघालीस? वेड लागलं का? अजून तीन महिने पुरे झाले नाहीत!"

"पुलापलीकडे जाऊन येते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते तू मला सांगशीलच की."

पोळीच्या दरवाजापर्यंत संतोक तिच्या मागोमाग गेली. ओट्या-ओट्यांवर बायका उभ्या राहिल्या. पोळीतली सर्वांत म्हातारी बाई झमकूकाकी हिनं तोंड फिरवून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "कळस झाला!" जडाव थांबली नाही. एवढ्या वर्षांत तिनं पूल टांग्यातून दोन-तीनदा ओलांडला असेल. पायी कधीच नाही. पाऊस ओसरला होता, नदी एका कडेनं वाहत होती, गाढवांच्या रांगा वाळू घेऊन वर चढत होत्या. ती त्या गाढवांमागून चालत गेली, कारण वाळू जिथं चालली होती तिथंच तिला जायचं होतं.

जागेवर पोचल्यावर तिला जे दिसलं, ते तिला आवडलं नाही. चिखलात खुंट्या आणि सुतळ्या होत्या, विटांचे ढीग होते, चुन्याच्या घाण्याला बैल जुंपलेला होता. बावीस ठिकाणी बावीस अर्धवट घरं उभी होती, एकासारखं दुसरं. कोपऱ्यावरच्या घरात माणूस नव्हतं. बाकी सगळीकडे थाप्यांचा आवाज येत होता. इथं भिंतींच्या माथ्यावर गवत उगवलं होतं.

ती आत शिरली. खोल्या लहान वाटल्या. स्वयंपाकघरात उन्हाची तिरीप नेमकी चुलीच्या जागेवर येत होती. उन्हाळ्यात स्वयंपाक करणारीच भाजून निघाली असती. 'एवढा मोठा चित्रकार, आणि चूल कुठं मांडायची एवढं कळलं नाही,' तिच्या मनात आलं. हे बोलायला समोर कोणी नव्हतं. ती तिथंच जोत्यावर बसली आणि पहिल्यांदाच, एकटीनं, कोणी बघत नसताना रडली. कोपऱ्यात बसून बायकांबरोबर रडली होती ते निराळं.

बांधकामावरचा मुख्य मिस्त्री वशराम, हा काठियावाडचा कडिया, म्हणजे गवंडी, त्याला कुणीतरी जाऊन सांगितलं. तो हात झटकत आला.

"बा, कोणाकडे आलात?" बाईमाणसाला आई म्हणून हाक मारायची त्यांची ही रीत.

"अकरा नंबरवाली आहे मी."

वशरामनं डोक्याचं फडकं सोडलं, परत बांधलं. "मास्तरसाहेबांच्या घरच्या? बसा, बसा. हीरू, पाणी आण!"

त्याची बायको हीरू घमेलं खाली ठेवून पाणी घेऊन आली. मग तिला आठवलं की ही ब्राह्मणाची बाई, आपल्या हातचं पिणार नाही, आणि ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. जडावला तहान लागली होती. तिनं ओंजळ पुढे केली.

"इथलं काम का थांबलंय, मिस्त्री?"

"माणसं कमी आहेत बा."

"शेजारी दहा नंबरवर सात माणसं आहेत. मोजली मी."

वशराम हसला. "मोजलीत तर मग काय लपवायचं. वकीलसाहेबांनी सांगितलंय, अकरावर हात लावू नका, ते दुसऱ्याच्या नावावर व्हायचंय. परवा त्यांचे जावई आले होते. खोल्या पावलांनी मोजून गेले. देवघर पाडून तिथं कपाट करायचं म्हणत होते."

जडाव उठली. लुगड्याला लागलेली माती तिनं झटकली नाही.

"पाडव्याला किती दिवस आहेत?"

"महिना म्हणा."

"महिन्यात काय काय होईल?"

"सांगितलं ना बा, मला हुकूम..."

"हुकूम राहू दे. होईल काय, ते सांग."

वशराम खरा कारागीर होता; काम विचारलं की त्याला गप्प बसवत नसे. त्यानं वर पाहिलं. "भिंती पुऱ्या होतील. स्वयंपाकघरावर पत्रे टाकता येतील. कौलं-बिलं नाही व्हायची. दारं नाहीत."

"पुष्कळ झालं," जडाव म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. दहा वाजता यायची, चारला परत जायची. येताना फडक्यात कडक भाजलेले खाकरे बांधून आणायची. विटांच्या ढिगावर गोणपाट टाकून बसायची आणि काही न बोलता बघत राहायची. ती कुणावर ओरडली असती तर गवंड्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती बघायची. तिच्याकडे पाठ करून शेजारच्या घराची वीट लावणं त्यांना जड जाऊ लागलं. चौथ्या दिवशी वशराम हीरूवर खेकसला, "तिला म्हणावं घरी बस!" हीरू म्हणाली, "तू म्हण की. एका मेलेल्या माणसाचं घर अडवून बसलायस, मला कशाला पुढं करतोस?"

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दोन गवंडी अकरावर चढले. मग रोज सुट्टीत चढू लागले. वशराम तिकडे बघत नसे. कधी संध्याकाळी काम सुटल्यावर तो स्वतःच ओळंबा घेऊन यायचा आणि लागलेल्या भिंतीला नावं ठेवायचा. जडाव भिंतींवर पाणी मारायला शिकली. पहिल्या दिवशी तिनं इतकं पाणी मारलं की हीरू म्हणाली, "बा, भिंत आहे, तुळस नाही."

पोळीत मात्र तिच्या नावानं शंख होत होता. झमकूकाकीनं तिच्या दारावरून जाणंही सोडलं. संतोकही चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी पळीनं भिंतीवर ठोकलं आणि पलीकडून ओरडली, "झालं का तुझं घर?"

"खिडक्यांच्या वर आलंय."

"मरो तुझ्या खिडक्या. भाजी घे, जास्त झालीय."

धनतेरसेला जडावनं हातगाडी बोलावली. एक पेटी, दोन गोधड्या, पितळेची चार भांडी, देव, आणि मातीची चूल. संतोक मदतीला आली नाही. पण गाडी पोळीच्या दरवाजातून बाहेर पडताना ती ओट्यावर उभी होती, आणि गाडीवाल्याला ओरडून सांगत होती की चूल खाली नको, वर ठेव, फुटेल.

पाडव्याची सकाळ, गुजराती वर्षाचा पहिला दिवस. शारदाकुंजच्या सभासदांनी त्या दिवशी जागेवर जमायचं ठरवलं होतं. नव्या वर्षाला नव्या घरांमध्ये फिरायचं, एकमेकांना साल मुबारक म्हणायचं. पंधरा-सोळा पुरुष नवे कोट घालून आले. फिरत फिरत कोपऱ्यावर आले तर पत्र्याखालून धूर निघत होता.

वकील पुढे झाले. दाराच्या जागी गोणपाट होतं. आत जडाव चुलीपुढे बसली होती. चुलीवर साधी खिचडी होती. तिला या वर्षी सण नव्हता.

"हे काय, भाभी?"

मध्ये निरोप द्यायला आज कोणी नव्हतं. जडावनं पदर पुढे ओढला आणि सरळ उत्तर दिलं. "स्वयंपाक."

"असं करून चालत नाही. हे काय घर आहे? वर धड छप्पर नाही, दार नाही!"

चिटणीस नंदशंकर हे किरकोळ, चष्म्यातले गृहस्थ. पोस्टात तीस वर्षं काढल्यामुळं लिहिलेल्या अक्षराला ते देव मानत. त्यांनी कोटाच्या खिशातून पिवळी पुस्तिका काढली आणि सतरावा नियम मोठ्यानं वाचला.

"चूल पेटलेली आहे," ते म्हणाले. "धनतेरसेपासून रोज पेटतेय, मी चौकशी केली. छपराचं काही लिहिलेलं नाही, वकीलसाहेब."

"लिहायला हवं होतं!"

"हवं होतं. पण सोप्या गुजरातीत लिहिणारा गेला. आता आहे तेच वाचायचं."

कोणीतरी मागे हसलं. वकिलांचा चेहरा लाल झाला. ते वाईट माणूस नव्हते. मुलीचं घर जवळ असावं एवढंच त्यांना वाटत होतं, आणि ते सोपं आहे असं त्यांनी धरलं होतं.

"भाभी, तुम्ही स्वतःच म्हणत होतात की जाणार नाही. दोन वर्षं म्हणत होतात! मी काय खोटं बोललो?"

जडावनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "म्हणत होते. पण ते मी ह्यांना म्हणत होते. तुम्हाला कधी म्हणाले?"

 खिचडी खाली लागत होती. तिनं पातेलं उतरवून ठेवलं. नंदशंकरांनी तिथंच पुस्तिकेच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, 'अकरा नंबर, राहतं,' आणि तारीख टाकली. चौघांनी सह्या केल्या. वकिलांनी सर्वांत शेवटी केली, पण केली. मग सगळे बारा नंबरकडे वळले.

अकरा नंबरवर कौलं चढायला माघ उजाडला. मधले दिवस सोपे गेले नाहीत. थंडीत वारा पत्र्याखालून शिरायचा, कोल्ही अंगणापर्यंत यायची, आणि पहिला महिनाभर हीरू तिच्या सोबतीला ओटीवर निजायला यायची. चुलीची जागा जडावनं वशरामकडून दुसऱ्या भिंतीला बदलून घेतली. 'सगळ्या घरांत एकाच जागी चूल' असा नियम होता की नाही, हे विचारायला कोणी आलं नाही.

पौषात संतोक टांगा करून आली. तीन तास बसली. साऱ्या खोल्या फिरली, भिंतींवर हात ठेवून पाहिला.

"कसं वाटतं गं तुला इथं?"

"वारा फार आहे," जडाव म्हणाली.

"मग ये परत."

"भाताला आधण ठेवते. जेवून जा."

संतोक जेवून गेली. जडावला तिच्या जाण्यानंतर घर फार मोकळं मोकळं वाटलं, आणि तो मोकळेपणा तिला मुळीच सोसला नाही. ती उरलेला सारा दिवस भांडी घासत बसली. पण परत जाण्याचा विचार तिनं केला नाही. का, हे तिला कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

वैशाखात काम संपलं. कुटुंबं मात्र मुहूर्त बघून दिवाळीनंतर येणार होती. वशरामला कोचरबच्या बाजूला दुसऱ्या सोसायटीचं काम मिळालं. कामकऱ्यांनी आपल्या झोपड्या मोडल्या, बांबू आणि घमेली गाडीवर घातली. हीरू निरोप घ्यायला आली. अंगणात उभी राहिली, आत आली नाही.

"बा, आता तुम्ही एकट्याच."

"एकटी कशी? एकवीस घरं आहेत की."

"रिकामी आहेत सगळी."

"येतील," जडाव म्हणाली. तिनं हीरूला एक जुनं लुगडं आणि वाटेत खायला बाजरीची ढेबरी दिली, आणि कोचरबचं काम किती घरांचं आहे ते विचारलं. हीरू म्हणाली, चाळीस. मग गाडी हलली, आणि हीरू मागून चालू लागली.